“चढली असेल” म्हणून झोपवलेला मुलगा: दारू, हुक्का आणि बंद हॉल

आधी केस सांगते, मग त्यावर बोलू. पेशंटची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. मी कॅज्युअल्टीत काम करते आणि शनिवार-रविवारच्या रात्री पिऊन आलेली पोरं आम्हाला नवीन नाहीत, पण ही केस मला सगळ्यांनी वाचावीशी वाटते कारण यातली चूक अगदी साधी आहे आणि ती कुठल्याही ग्रुपमध्ये होऊ शकते. दारू आणि हुक्का एकत्र आले की हुक्क्यामुळे जे होतंय ते सगळं दारूच्या नावावर जमा होतं, आणि मग कोणी घाबरतच नाही.

पेशंट २७ वर्षांचा, आयटीतला, तब्येतीने ठणठणीत, सिगरेट ओढत नाही, बीपी-शुगर काही नाही. जुलै महिना, पानशेतच्या बाजूला धरणाकाठी एक बंगला भाड्याने घेतलेला, सहा जणांचा ग्रुप. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास व्हरांड्यात बियर सुरू झाली, मग पाऊस वाढला, चिलटं आणि डास यायला लागले म्हणून साडेआठला सगळे आत हॉलमध्ये आले, सरकत्या काचा लावून घेतल्या, एसी लावला. तिथे दोन हुक्के लावले, ते पण भाड्याचेच, हल्ली फोन केला की हुक्का, फ्लेवर, फॉइल, कोळसे सगळं पिशवीत घालून आणून देतात. कोळसे पेटवायला कॉइलची शेगडी हॉलच्या कोपऱ्यातच ठेवलेली, म्हणजे पुढचा कोळसा तयार राहायला. बियर संपून व्हिस्की आली.

साडेअकराच्या सुमारास ग्रुपमधली एक मुलगी डोकं ठणकतंय म्हणून उठली, एकदा उलटी झाली, वर बेडरूममध्ये जाऊन खिडकी उघडून झोपली. पाऊणला आपला पेशंट बाथरूमला जायला उठला आणि दोन पावलांत खाली बसला, मग आडवाच झाला, उलटी केली. मित्रांनी तोंड पुसलं, लिंबूपाणी पाजायचा प्रयत्न केला, आणि “आऊट झालाय, झोपू दे” म्हणून त्याच हॉलमध्ये गादीवर टाकलं. एसी चालू, काचा बंद, एक हुक्का चालू, शेगडीवर कोळसे लाल. दीडला बाहेर व्हरांड्यात बसलेला एक मित्र आत आला, त्याने याला हलवलं तर हा नुसता हुं हुं करतोय, डोळे उघडत नाही, तेव्हा तो घाबरला. बंगल्याच्या केअरटेकर काकांना उठवलं, तेच एकटे शुद्धीत गाडी चालवू शकणारे होते, ते गाडी काढून पुण्यात आमच्याकडे घेऊन आले.

अडीचला आले. स्ट्रेचर आत येतोय तोवर मित्राने सांगून टाकलं, “मॅडम, जरा जास्त झालीये त्याला, सलाईन लावा बास.”

तपासणीत काय होतं: झोपेत, पण मोठ्याने हाक मारली की डोळे उघडतो, उत्तरं तुटक आणि चुकीची. नाडी ११८, बीपी १००/६०, श्वास जरा जलद, अंगाला ताप नाही. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर सॅच्युरेशन ९९. शुगर ८४, म्हणजे दारूने साखर उतरलीये असं पण नाही. डोक्याला मार नाही, बाहुल्या दोन्हीकडे सारख्या, मान आखडलेली नाही. तोंडाला दारूचा भपका. आता एवढं बघितल्यावर कोणीही म्हणेल दारूच, आणि रात्री अडीचला गर्दीत तेच लिहून सलाईन, उलटीचं इंजेक्शन आणि सकाळपर्यंत निरीक्षण असं होतं, बहुतेक वेळा ते बरोबरही असतं.

इथे दोन माणसांमुळे दिशा बदलली. एक ती मुलगी. ती पण सोबत गाडीत आली होती आणि बाहेर बाकावर डोकं दोन्ही हातांनी धरून बसलेली. मी तिला सहज विचारलं, तू पण प्यायलीस का, तर म्हणाली, “नाही मॅडम, माझ्या ॲन्टिबायोटिक चालू आहेत, मी फक्त हुक्का घेतला.” म्हणजे जी अजिबात प्यायली नाही तिचं डोकं दुखतंय, तिला उलटी झालीये, तिला अजून गरगरतंय. आणि व्हरांड्यातला जो मित्र होता, तो याच्याइतकाच प्यायलेला पण त्याला हुक्क्याचा गोड वास सहन होत नाही म्हणून रात्रभर बाहेर मोबाईलवर मॅच बघत बसलेला, तो बोलताना जरा अडखळत होता पण बाकी ठीक. दारू दोघांत सारखी, हुक्का एकात. हुक्का दोघांत सारखा, दारू एकात. आणि आजारी कोण, तर जे जे हॉलमध्ये होते ते. मला वाटतं एखाद्या केसमध्ये इतकी सरळ तुलना आयती समोर येणं विरळच.

दुसरे ते केअरटेकर काका. ते म्हणाले, “आत गेलो तर कोळशाची नुसती कोंदट घुसमट होती, मी आधी काचा सरकवल्या. आमच्याकडं थंडीत शेगडी आत घेऊन दार लावत नाहीत, पोराटोरांना पण माहीत असतं.” काकांनी निदानच सांगितलं होतं.

धमनीतून रक्त घेऊन को-ऑक्सिमीटर, म्हणजे हिमोग्लोबिनला नेमकं काय चिकटलंय ते मोजणारं यंत्र, असलेल्या मशीनवर लावलं. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो आणि रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन अडवून ठेवतो. असं अडवलेलं हिमोग्लोबिन, म्हणजे कार्बॉक्सिहिमोग्लोबिन, २४ टक्के. सिगरेट न ओढणाऱ्या माणसात हे साधारण दोन-तीन टक्क्यांच्या आत असतं, रोज भरपूर ओढणाऱ्यात सुद्धा दहाच्या आसपास. आणि हे तीन वाजताचं आहे, तोवर त्याला हॉलबाहेर काढून दीड तास झाला होता, खिडक्या उघड्या टाकून गाडीतून आणलेलं, म्हणजे गादीवर पडलेला असताना आकडा तिशीच्या आसपास असणार. मुलीचं ११ टक्के, आणि ती तर साडेअकरालाच उठून गेलेली, चार तास आधी ती पण वीसच्या घरात असावी. याच्या रक्तातली दारू नंतर आली, १०० मिलिलिटरमागे १३० मिलिग्रॅम. गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ३० आहे, त्या मानाने खूपच, पण अधूनमधून पिणारा २७ वर्षांचा धडधाकट मुलगा एवढ्यावर हलवूनही जागा होत नाही असं सहसा होत नाही. आकडा आणि अवस्था जुळत नव्हती.

उपचार साधा होता. तोंडावर पिशवीवाला मास्क लावून पूर्ण ऑक्सिजन, पंधरा लिटरने. साध्या हवेत हा वायू अर्धा व्हायला चार ते पाच तास लागतात, पूर्ण ऑक्सिजनवर सव्वा ते दीड तास. ईसीजी काढला, ठोके जलद एवढंच, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्तचाचणी) नॉर्मल, लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढतं ते) थोडं वाढलेलं. बेशुद्ध पडला होता म्हणून दाबाखालच्या ऑक्सिजनची, म्हणजे हायपरबॅरिक चेंबरची चर्चा झाली, पण तासाभरात तो नीट बोलायला लागला आणि पत्ता, तारीख, कंपनीचं नाव सगळं बरोबर सांगायला लागला म्हणून पाठवलं नाही. सव्वासातला रक्त परत बघितलं तर कार्बॉक्सिहिमोग्लोबिन चार टक्क्यांच्या खाली. विषबाधा म्हणून एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी मेडिको-लीगल केस, झाली, पोलिसांना कळवलं, त्याचे आईवडील सकाळी आले. मुलीला पण चार तास मास्क लावून ठेवलं.

ऑक्सिमीटर ९९ का दाखवतो

यावर थांबायलाच पाहिजे कारण घरोघरी कोविडपासून हे बोटाचं यंत्र आहे आणि लोकांचा त्यावर फार विश्वास आहे. ते यंत्र दोन प्रकारचा प्रकाश बोटातून सोडतं आणि रक्ताच्या रंगावरून अंदाज बांधतं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन चिकटलेल्यासारखंच दिसतं, लालच. म्हणून माणूस गुदमरतोय आणि यंत्र ९९ म्हणतंय. साध्या ब्लड गॅसवर, म्हणजे रक्तातल्या वायूंच्या तपासणीत पण फसगत होते, कारण रक्तात विरघळलेल्या ऑक्सिजनचा दाब नॉर्मलच येतो आणि काही मशीन त्यावरून सॅच्युरेशनचा हिशेब करून देतात, मोजत नाहीत. या विषबाधेत चेहरा चेरीसारखा लाल होतो असं पुस्तकात असतं, पण तो जिवंत पेशंटमध्ये क्वचितच दिसतो, त्याची वाट बघू नये.

वायू काय करतो हे सोप्या भाषेत सांगायचं तर एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसं. हिमोग्लोबिनवर ऑक्सिजनची जी जागा, तिथे हा ऑक्सिजनच्या दोनशे पटीहून जास्त जोरात चिकटतो आणि उठत नाही. वर जो ऑक्सिजन उरलेल्या जागांवर बसलाय तो पण पेशींना सोडायला हिमोग्लोबिन कुरकुर करतं. त्यामुळे २४ टक्के म्हणजे फक्त चौथा हिस्सा गेला असं नसतं, नुकसान त्याहून जास्त. मेंदू आणि हृदय सगळ्यात आधी ओरडतात: डोकेदुखी, गरगरणं, मळमळ, उलटी, पाय लटपटणं, गोंधळणं, झोप येणं, चक्कर येऊन पडणं.

आता हीच यादी परत वाचा आणि दारू जास्त झालेल्या माणसाची लक्षणं आठवून बघा. तीच. सकाळी उठल्यावर डोकं जड असणं हे पण दोन्हीकडे सारखंच, किती लोकांनी आयुष्यात हँगओव्हर म्हणून जे भोगलं त्यात थोडा कोळशाचा पण वाटा असेल. म्हणजे दारू नसती तर या मुलाला पहिल्यांदा डोकं दुखल्यावर कोणीतरी म्हणालं असतं, अरे काय होतंय तुला, बाहेर चल. दारू होती म्हणून कोणी विचारलंच नाही. त्या मुलीच्या बाबतीत पण, ती प्यायलेली नाही हे सगळ्यांना माहीत होतं तरी “उपाशीपोटी हुक्का लागला असेल” म्हणून सोडून दिलं, कारण त्या वेळी हॉलमध्ये विचार करायच्या अवस्थेत कोणी नव्हतं.

दारूने हुक्का ओढायची पद्धतच बदलते

नंतर शांतपणे त्याच्याशी आणि ग्रुपशी बोलले तेव्हा हा भाग समजला आणि मला हा लक्षणांपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. तो एरवी हुक्का घेतो तेव्हा पाच-सहा कश मारतो, घशात खवखवतं, थोडं गरगरतं, की पाइप पुढे देतो. हे गरगरणं म्हणजे शरीराचा ब्रेक आहे, निकोटीन आणि वायू दोन्हीचा. दोन पेग पोटात असले की हा ब्रेक लागत नाही. घसा बधीर, ठसका येत नाही, गरगरलं तर ते दारूचं “मस्त” वाटणं म्हणून खपून जातं. मग कश लांब होतात, छाती भरून ओढायचं, रिंगा काढायच्या, कोण जास्त धूर सोडतो त्याची पैज. त्या रात्री पैज झालीच होती.

त्यात हुक्क्याला शेवट नसतो. सिगरेट पाच-सात मिनिटांत संपते, विझवावी लागते, दुसरी पेटवायची तर हात खिशात घालावा लागतो. हुक्क्यात कोळसा बदलला की परत पाऊण तास चालू. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ सालच्या टिपणात हिशेब मांडलेला आहे: हुक्क्याचं एक सेशन २० ते ८० मिनिटांचं, त्यात ५० ते २०० कश, आणि एका बैठकीत सिगरेटी शंभर किंवा जास्त ओढल्याएवढा धूर आत जाऊ शकतो. धूर एवढा, याचा अर्थ निकोटीन शंभरपट असा लगेच घेऊ नका, पण छातीत जाणारी हवा खराब किती ते यावरून कळतं. हे झालं शुद्धीत ओढणाऱ्याचं. प्यायलेल्या माणसाला वेळेचं भान नसतं, या ग्रुपला विचारलं किती वेळ चालला तर म्हणाले तासभर. साडेआठ ते दीड, कोळसे किती वेळा बदलले कोणाला आठवत नाही.

उलट्या बाजूने पण तेच चालतं. निकोटीन तरतरी देतं, दारू झोप आणते, दोन्ही एकत्र घेतलं की दारूची झोप मागे राहते आणि माणसाला वाटतं अजून आपल्याला काही झालेलं नाही, अजून एक भरूया. “एक कश मार, उतरेल” हे वाक्य मी स्वतः कितीतरी पेशंटकडून ऐकलंय. उतरत काही नाही. यकृत आपल्या ठरलेल्या वेगानेच दारू पचवतं, हुक्क्याने त्यात काडीचा फरक पडत नाही, फक्त झिंग कमी वाटते आणि त्या जोरावर अजून पिणं होतं, किंवा गाडीची किल्ली हातात घेणं होतं, जे जास्त भयंकर.

आणि एक प्रकार म्हणजे “मी स्मोकर नाही”. हा मुलगा पण असंच म्हणाला आणि खोटं बोलत नव्हता, तो स्वतःला खरंच तसं समजतो. सिगरेटला हात लावत नाही, फक्त पार्टीत, फक्त पिताना हुक्का. म्हणजे दारू हीच त्याच्या हुक्क्याची चावी आहे. अशा माणसाला तंबाखू सोडा म्हणून सांगितलं तर ते त्याला लागूच होत नाही असं वाटतं, त्याला पिण्याच्या बैठकीबद्दलच बोलावं लागतं.

अमेरिकेत फ्लोरिडात हुक्का कॅफेतून आणि साध्या बारमधून बाहेर पडणाऱ्यांच्या श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजला होता, २०११ साली छापून आलाय तो अभ्यास. हुक्का कॅफेवाल्यांचा सरासरी दहा लाख भागांत ३० च्या वर, बारवाल्यांचा ९ च्या आसपास. त्या बारमध्ये सिगरेटी ओढणारे पण होते हे लक्षात घ्या. आणि ती जागा धंद्याची होती, दारं उघडझाप होणारी. आपला हॉल तर पूर्ण बंद.

हर्बल, बर्फ, एसी आणि बाकीचे समज

पेशंटचे वडील फार शांत माणूस, त्यांनी एकच विचारलं, “पण तो तर म्हणतो हर्बल होतं, तंबाखू नव्हता त्यात.” पाकिटावर खरंच तसं लिहिलेलं असतं. कार्बन मोनॉक्साइड मुख्यतः कोळशातून येतो, चिलमीत खाली तंबाखू आहे की उसाचा चोथा आणि पाकातला फ्लेवर आहे याचा त्याला काही संबंध नाही. नारळाच्या करवंटीचा कोळसा “नॅचरल” म्हणून महाग विकतात, तो पण जळतो तेव्हा तोच वायू सोडतो. लगेच पेटणाऱ्या कोळशात वर पेटवायचं रसायन असतं ते आणि वेगळं.

पाण्यातून गाळून येतो हा दुसरा समज. पाण्याने धूर गार होतो, त्यामुळे घशाला टोचत नाही आणि माणूस जास्त खोल ओढतो, बास. हा वायू पाण्यात विरघळत नाही म्हणण्याइतका कमी विरघळतो. खालच्या भांड्यात बर्फ घातला काय, दूध घातलं काय, त्यात बदल नाही. त्या रात्री एका हुक्क्याच्या भांड्यात पाण्याऐवजी व्होडका ओतली होती, हल्ली हे फार चालतं. त्यात बुडबुड्यांबरोबर दारूची वाफ थोडीफार फुप्फुसात जाते, पोटातून न जाता थेट रक्तात, किती गेली ते पेग मोजून कळत नाही आणि पोट भरल्याची, मळमळीची जी सूचना मिळते ती पण मिळत नाही. शिवाय निखाऱ्याच्या खाली दीड फुटावर व्होडका भरून ठेवणं हे प्यायलेल्या माणसांच्या खोलीत नसावंच.

एसी चालू होता म्हणजे हवा खेळती होती असं ग्रुपमधल्या सगळ्यांना वाटत होतं. घरातला भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच गार करून फिरवतो. धुराचा गोड वास फ्लेवरमुळे छान वाटतो आणि या वायूला स्वतःचा वास नाही, रंग नाही. काकांना जो कोंदटपणा जाणवला तो बाहेरून आल्यामुळे, आत बसलेल्यांची नाकं सरावलेली होती.

एकाच पाइपवर सहा तोंडं, पिताना वेगळ्या टिपा लावायचं कोणी लक्षात ठेवत नाही, त्यातून थुंकीतून पसरणारं जे काही असेल ते पसरतं, यावर जास्त लिहीत नाही. पण लांबच्या धोक्याचं एक सांगितलं पाहिजे. तोंड, घसा, अन्ननलिका यांच्या कॅन्सरमध्ये दारू आणि तंबाखूचा धूर यांची नुसती बेरीज होत नाही, एकमेकांचा परिणाम वाढवतात. आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचं प्रमाण आधीच मोठं, त्यात पंचविशीतल्या पोरांनी पार्टीच्या नावाखाली दोन्ही एकदम सुरू करणं मला बघवत नाही. आणि हृदयाचं: दारूने ठोके अनियमित होऊ शकतात, निकोटीनने जलद होतात, आणि वायूमुळे हृदयाला मिळणारा ऑक्सिजन त्याच वेळी कमी होतो. ज्यांच्या घरात कमी वयात हार्ट अटॅक झालेत त्यांनी तरी हे गांभीर्याने घ्यावं.

कायदा आणि त्यामुळे सरकलेली जागा

मुंबईत २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर कमला मिल्समध्ये गच्चीवरच्या पबला आग लागून १४ लोक गेले. अग्निशमन दलाच्या चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्यांचं कारण पुढे आलं. पुढच्या वर्षी महाराष्ट्राने तंबाखू कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी आणली, चालवणाऱ्याला एक ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते एक लाख दंड. ही बंदी मला पूर्ण पटते. फक्त एवढं आहे की बंदीनंतर हुक्का बराचसा फ्लॅटमध्ये, फार्महाऊसवर, भाड्याच्या बंगल्यांत गेला, जिथे कायदा बघायला कोणी नाही आणि काचा बंद करून एसी लावलेला असतो. पार्लरमध्ये निदान कोळसा हाताळणारा पोऱ्या शुद्धीत असायचा. इथे प्यायलेलाच माणूस चिमट्याने लाल कोळसा उचलून फॉइलवर ठेवतो, गालिचावर पाडतो. या केसमधल्या गादीला पण एक जळका डाग होता असं काका म्हणाले, तो मुलगा झोपला होता त्याच गादीला.

अशा वेळी करायचं काय

ग्रुपने नंतर हे विचारलं आणि मी त्यांना जे सांगितलं ते इथे लिहिते. जिथे कोळसा पेटलाय तिथे कोणी पडलं, लडखडलं, जागं होईना, तर आधी त्याला बाहेर मोकळ्या हवेत आणायचं, दारू किती झाली याचा हिशेब नंतर. कोळसे आणि शेगडी बाहेर न्यायची, दारं-काचा सताड उघडायच्या. अजून कोणाचं डोकं दुखतंय का विचारायचं, विशेषतः जे प्यायलेले नाहीत त्यांना, कारण तेच खरं सांगतात. झोपेत असलेल्याला पाणी, लिंबू, कॉफी काही पाजायचं नाही, कुशीवर झोपवायचं, उलटी झाली तर श्वासनळीत जाऊ नये म्हणून. पाठीवर टाकून “झोपू दे” म्हणायचं नाही. १०८ ला फोन. आणि हॉस्पिटलात पोचल्यावर पहिल्या वाक्यात कोळसा सांगायचा. पोरं हुक्का लपवतात, बंदी आहे म्हणून, घरी कळेल म्हणून. दारू सांगतात आणि हुक्का लपवतात, आणि आम्हाला रात्री अडीचला जी गोष्ट हवी असते ती नेमकी लपवलेली असते. ऑक्सिमीटर ९९ दाखवत असला तरी डॉक्टरांना कोळशाबद्दल सांगा, विचारा को-ऑक्सिमीटरवर रक्त बघता येईल का. ते मशीन जवळ नसेल तरी नुसत्या संशयावर ऑक्सिजन लावता येतो आणि लावावा.

आमच्या कॅज्युअल्टीत आता दारूचा पेशंट आला की शुगर आणि डोक्याचा मार याबरोबर एक प्रश्न विचारतो: कोळसा, शेगडी, हुक्का, बाथरूममधला गॅस गिझर, यातलं काही होतं का. गिझरच्या केसेस आपल्याकडे दर थंडीत होतात, त्यांना हा प्रश्न आम्ही आधीपासून विचारायचो. पिऊन आलेल्याला मात्र कोणी विचारत नव्हतं.

पुढे काय झालं

या विषबाधेत काही जणांना दोन दिवसांपासून साधारण सहा आठवड्यांपर्यंत उशिराने मेंदूचा त्रास दिसू शकतो, विसरायला होणं, लक्ष न लागणं, स्वभाव बदलणं, चालण्यात फरक. म्हणून त्याला दोनदा बोलावलं आणि त्याच्या आईला पण सोबत आणायला सांगितलं, कारण असा बदल पेशंटला स्वतःला कळत नाही, घरच्यांना कळतो. पहिल्या भेटीत डोकं अधूनमधून दुखतं आणि ऑफिसात स्क्रीनसमोर लवकर थकतो म्हणाला. दुसऱ्या भेटीपर्यंत ते गेलेलं, स्मरणाच्या साध्या चाचण्या व्यवस्थित, ईसीजी व्यवस्थित, आईला काही वेगळं जाणवलं नव्हतं.

जाताना त्याने विचारलं की मॅडम, न पिता, गच्चीवर उघड्यात, थोडा वेळ हुक्का घेतला तर चालेल ना. मी सांगितलं, उघड्यावर खोलीत वायू साठणार नाही हे बरोबर, पण पाइपमधून तू जो थेट ओढतोस तो तितकाच राहतो, वाऱ्याने तो कमी होत नाही, आणि उघड्या जागेत बसूनही हुक्का ओढता ओढता चक्कर येऊन पडलेले पेशंट असतात. त्याची आई बाजूला होती, ती म्हणाली, “आता तरी ऐक रे बाबा.” तो हो म्हणाला. हॉलमध्ये शेवटपर्यंत बसलेल्या बाकी तिघांना पण तपासणीला बोलावलं होतं, त्यातला एकच आला.